मक्याच्या इनब्रेडची पारख

मिरज तालुक्यातील आमच्या प्रक्षेत्रावर मक्याच्या इनब्रेड ओळी (पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच परागाने वाढवलेले शुद्ध वाण) पाहायला आलेला शेतकरी हमखास विचारतो, "साहेब, ह्या मक्याला खत घातलं न्हाई काय?" प्रश्न रास्त आहे. छातीएवढी ताटे आणि मुठीत मावणारे कणीस पाहून दुसरे काय वाटणार? सहा पिढ्या स्वपरागीकरण केले की विषमयुग्मकता (जनुकाच्या जोडीत दोन वेगळी रूपे असणे) दर पिढीला निम्मी होत शेवटी दीड टक्क्याच्या आसपास उरते आणि तिच्याबरोबर जोमही ओसरतो. मात्र अशा दोन ओळींच्या संकरात तो परत येतो, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी १९०८-०९ मध्येच मांडले होते.

हे पाठ असूनही पहिल्या वर्षी मी डोळ्यांनीच निवड केली. चाळीस ओळींपैकी दिसायला किरकोळ त्या बाद केल्या. त्यांतल्याच एका खुरट्या ओळीचे मूठभर बियाणे शिल्लक होते, ते पुढच्या हंगामात सहज टेस्टरशी (पारखीसाठी ठरवून घेतलेल्या ओळीशी) जुळवले आणि तिचाच संकर चाचणीत पहिला आला. ओळीचे स्वतःचे उत्पादन आणि तिच्या संकराचे उत्पादन यांचा संबंध किती सैल असतो, हे तेव्हा खरे पटले.

चाळीस ओळी आपसांत जुळवायच्या तर ७८० एकेरी संकर होतात. तेवढे रान नाही आणि तेवढी माणसेही नाहीत. दोन टेस्टर घेतले तर ऐंशींत भागते. सर्व संकरांत सरासरीने चांगली ठरते ती ओळीची सामान्य संयोग क्षमता (चांगला संकर देण्याची ताकद) आणि एखाद्याच जोडीत उठून दिसते ती विशिष्ट, हा भेद संशोधक स्प्रेग व टेटम यांनी १९४२ मध्ये केला. चाळणीच्या पहिल्या फेरीत मी सामान्य क्षमतेलाच अधिक वजन देतो.

काम मात्र चिकाटीचे. केस (पराग झेलणारे मादी फुलांचे धागे) बाहेर पडण्याआधी कणसाला बटर पेपरची पिशवी, आदल्या संध्याकाळी तुऱ्याला (शेंड्यावरच्या नर फुलोऱ्याला) कागदी पिशवी, आणि सकाळी दव ओसरल्यावर पराग झाडून घ्यायचा. एक पिशवी सुटली की ते कणीस बाद.

तुरा व केस यांतले अंतर मी दिवसांत मोजून लिहितो. जत-आटपाडीकडे फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला की केस मागे राहतात आणि कणीस अर्धे रिकामे भरते. तीनपेक्षा जास्त दिवसांचे अंतर पडणारी ओळ मी तिकडच्यासाठी घेत नाही.

ती खुरटी ओळ नर म्हणूनच चालेल. मादी म्हणून ती इतके थोडे बी देते की बियाण्याची पिशवी शेतकऱ्याला परवडणार नाही. तिच्या तुऱ्याला पराग मात्र भरपूर आहे, म्हणून या रब्बीत नराच्या रांगांत तिचीच पेरणी केली आहे.