पट्टी औशाची, नाव मुरूडचं

ऐन सोयाबीनच्या हंगामात लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडतीवरून मुनीमजींचा फोन: "सर, औशाच्या माणसाच्या पट्टीवर मुरूडच्याचं नाव चढलंय. कट्टे, वजन, भाव सगळं बरोबर हाय."

प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ या जुन्या डेटाबेस-प्रोग्रामिंग भाषेतला. जाऊन पाहिलं, तर मुनीमजी एक पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पावती) हमाली-तोलाईसाठी अर्धवट ठेवून दुसरी उघडत, मग पहिलीवर येऊन 'शेतकरी शोध' दाबत. शोध फॉर्ममधल्या बटणात निवडलेलं नाव पट्टीत लिहिणारी ओळ होती: पट्टी.टेक्स्टनाव.व्हॅल्यू. 'डू फॉर्म पट्टी' या आज्ञेनं फॉर्म उघडताना 'नेम' लावून वेगळं नाव दिलं नाही, की फॉक्सप्रो फाइलच्याच नावाचं व्हेरिएबल करतं. पट्टी दुसऱ्यांदा उघडली, की तेच व्हेरिएबल नव्या फॉर्मकडे वळतं. पहिला पडद्यावर दिसतो, पण त्या नावानं आता सापडत नाही. एररही येत नाही, मुकाट्यानं दुसरीकडे लिहिलं जातं.

स्क्रीन.ॲक्टिव्हफॉर्म (त्या क्षणी समोर चालू असलेला फॉर्म) वापरूनही भागत नाही. बटण दाबेपर्यंत शोधच ॲक्टिव्ह झालेला असतो.

मग पट्टीतून 'डू फॉर्म शोध विथ धिसफॉर्म' केलं, म्हणजे शोध उघडताना त्याला हाच पट्टी फॉर्म पाठवला. शोधच्या इनिटमध्ये (फॉर्म उघडताना चालणाऱ्या कोडमध्ये) एलपॅरामीटर्सनं तो घेतला आणि लगेच धिसफॉर्म.पालक या प्रॉपर्टीत ठेवला. ही प्रॉपर्टी फॉर्म मेनूतून आधी जोडावी लागते. इथंच बरेच जण अडकतात: एलपॅरामीटर्सचं व्हेरिएबल इनिटपुरतंच असतं, क्लिकमध्ये ते सापडत नाही. टेक्स्टबॉक्सला थेट हात न लावता पट्टीवर 'शेतकरीभरा' मेथड केली, तिला कोड आणि नाव पाठवलं. कर्सरचं (मेमरीतल्या तात्पुरत्या टेबलाचं) नाव पाठवून उपयोग नव्हता. दोन्ही फॉर्मांचं डेटासेशन प्रायव्हेट, एकाचा कर्सर दुसऱ्याला दिसत नाही.

शोध मोडल (बंद होईपर्यंत दुसऱ्या फॉर्मवर जाऊ न देणारा) करून 'डू फॉर्म'च्या 'टू'नं किंमत परत घेणं सोपं होतं (अनलोडमध्ये, म्हणजे फॉर्म मिटताना, कंट्रोल्स उरत नाहीत, म्हणून किंमत प्रॉपर्टीत ठेवायची). पण मुनीमजींना शोध उघडा ठेवूनच पट्ट्या भरायच्या होत्या. त्यात मधेच पट्टी बंद केली, तर पालक नल, म्हणजे रिकामा, होतो. म्हणून लिहिण्याआधी व्हारटाइप 'ओ' (म्हणजे ऑब्जेक्ट) आहे का, ते तपासलं.

आधी छापलेल्या पट्ट्या मात्र काट्याच्या चिठ्ठ्या समोर धरून हातानंच जुळवाव्या लागल्या. टेबलात चूक ओळखता येईल अशी खूणच नव्हती.