पिवळ्या पानाआधी पाणी तपासावे: घरातल्या गांजाच्या रोपांचे निदान

गांजाच्या रोपाचे पान पिवळे पडू लागले की घरी लागवड करणारे बहुतेक लोक आधी दुकान गाठतात आणि कॅल-मॅगची बाटली घेऊन येतात. त्या बाटलीत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते आणि ती कधीकधी उपयोगीही पडते, परंतु आजारी कुंडीत या दोन्ही द्रव्यांचा साठा पुष्कळदा पुरेसा असतो. अडचण असते ती मुळांना तो साठा उचलता न येण्याची. घरातल्या रोपांचे बहुतेक आजार खताच्या अभावाचे नसून पाण्याचे असतात, असे माझे मत ओळखीच्यांची रोपे पाहून पाहून पक्के झाले आहे.

हे लेखन कॅनडातील, विशेषतः ऑन्टारिओतील वाचकांसाठी आहे. 17 ऑक्टोबर 2018 रोजी येथील कायदा अमलात आल्यापासून प्रौढ व्यक्तींना एका घरामागे चार रोपे लावता येतात. क्वेबेकने मात्र घरगुती लागवडीस मनाई केली आहे. घर कितीही मोठे असले आणि त्यात कितीही प्रौढ राहत असले तरी संख्या चारच. भारतात 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यानुसार गांजाची लागवड हा गुन्हा आहे, त्यामुळे तेथील नातेवाइकांना हा मजकूर पाठवून काही उपयोग नाही.

निदानाचा पहिला प्रश्न ‘पान कसे दिसते’ हा नसून ‘कोणते पान’ हा आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये रोपाच्या आत एका जागेहून दुसरीकडे हलू शकतात. त्यांची टंचाई झाली की रोप जुन्या पानांतून ती काढून घेऊन कोवळ्या शेंड्याकडे पाठवते, आणि म्हणून लक्षण आधी खालच्या पानांवर दिसते. संपूर्ण पान एकसारखे फिकट होऊन गळत असेल तर नत्राचा, आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियमचा संशय घ्यावा. कॅल्शियम आणि लोह मात्र एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत, त्यामुळे त्यांची कमतरता वरच्या नव्या पानांत उमटते. नवे पान शिरा सोडून पिवळे होते तो लोहाचा केवडा. कॅल्शियम कमी पडले तर नवी पाने वेडीवाकडी होतात आणि त्यांवर तपकिरी ठिपके येतात. याच्या उलट, पान गडद हिरवे होऊन त्याचे टोक नखासारखे खाली वळले असेल तर नत्र जास्त झाले आहे, आणि अशा रोपाला आणखी खत देणे म्हणजे त्याचा आजार वाढवणे होय.

लोहाचा केवडा दिसला म्हणून लोह देण्याची घाई करू नये. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साडेसहाच्या फार वर गेला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. मातीत लावलेल्या रोपासाठी सामू साधारण 6 ते 6.8 आणि कोकोपीटसारख्या माध्यमात 5.5 ते 6.2 असावा, असे सामान्यतः मानले जाते. कुंडीच्या तळातून निथळलेले पाणी वाटीत घेऊन त्याचा सामू आणि विद्युत वाहकता मोजली तर आत काय चालले आहे याचा बराच अंदाज येतो; वाहकता घातलेल्या पाण्यापेक्षा खूप जास्त आली तर क्षार साठले आहेत, पानांची जळलेली टोके त्यामुळेच आहेत, आणि अशा वेळी सामू जुळवलेल्या साध्या पाण्याने कुंडी भरपूर निथळू देणे हाच उपाय आहे.

येथे वॉटर्लू, किचनर आणि ग्वेल्फ या भागांचा मुद्दाम उल्लेख करतो, कारण तेथील पाणी बरेचसे भूजलाचे, अतिशय कठीण आहे. त्यामुळे घरोघरी पाणी मृदू करणारे यंत्र बसवलेले असते. हे यंत्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेऊन त्यांच्या जागी सोडियम सोडते. ते पाणी आंघोळीस उत्तम, रोपांना मात्र वाईट. एकीकडे सोडियम साठत जाते, दुसरीकडे कॅल्शियम मिळत नाही, आणि घरमालक कॅल-मॅगच्या बाटल्या ओतत राहतो. ज्या नळाचे पाणी या यंत्रातून जात नाही तो शोधावा. पुष्कळ घरांत स्वयंपाकघरातील थंड पाण्याचा किंवा बाहेर बागेसाठी दिलेला नळ तसा असतो.

पाण्याच्या प्रमाणाविषयी इतकेच सांगतो की, कुंडी उचलून पाहण्याची सवय लावावी. जड कुंडीतले रोप मान टाकत असेल आणि पाने भरीव असूनही देठापासून झुकली असतील, तर मुळांना हवा मिळत नाही. हलक्या कुंडीतले पातळ, कागदी झालेले पान तहानेचे असते. पहिल्या प्रकारात पुन्हा पाणी घातले तर पिथियम या बुरशीसारख्या जीवामुळे होणारी मूळकूज ठरलेली. निरोगी मूळ पांढरे असते, कुजलेले तपकिरी आणि बुळबुळीत होते व त्याला घाण वास येतो. मातीवर चिलटे उडत असतील तर तीही सततच्या ओलीची खूण आहे. वरचा थर वाळू द्यावा, पिवळे चिकट कागद लावावेत, आणि अळ्यांसाठी बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा इस्राएलेन्सिस हा प्रकार पाण्यातून द्यावा.

हिवाळ्यात भट्टी सुरू झाली की घरातली हवा फार कोरडी होते आणि ती लाल कोळ्याला, म्हणजे पानांतला रस शोषणाऱ्या अतिसूक्ष्म किडीला, मानवते. पानाच्या वरच्या बाजूस सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसले की पान उलटून जवाहिऱ्याच्या भिंगातून पाहावे. जाळी दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. फायटोसियुलस पर्सिमिलिस हा शिकारी कोळी लाल कोळ्याला खातो, पण त्याला दमट हवा लागते, त्यामुळे आधी आर्द्रता वाढवावी आणि मगच तो सोडावा. आपल्यापैकी अनेकांचा हात अशा वेळी सवयीने कडुनिंबाच्या तेलाकडे जातो. कॅनडात ते पानांना चकाकी आणण्यासाठी म्हणून विकले जाते. कीटकनाशक म्हणून त्याची नोंदणी नाही.

भुरीच्या बाबतीत नाशिककडून इथे आलेल्या द्राक्षबागायतदारांना विशेष सावध करावेसे वाटते. पानावर पिठासारखा पांढरा थर ओळखण्यात त्यांची नजर चुकणार नाही, पण उपाय म्हणून जे मायक्लोब्युटॅनिल बागेत फवारले जाते ते या रोपावर कधीही वापरू नये. हे द्रव्य जळताना हायड्रोजन सायनाइड तयार होऊ शकते, आणि गांजा तर बहुधा जाळूनच ओढला जातो. 2016-17 च्या सुमारास कॅनडातील परवानाधारक उत्पादकांच्या मालात ते सापडले आणि माल परत मागवावा लागला होता. घरी पोटॅशियम बायकार्बोनेटची नोंदणीकृत उत्पादने, हवा खेळती ठेवणारा पंखा आणि दाट पानांची विरळणी एवढ्यावर भागते. फुले धरल्यानंतर मात्र कशाचीच फवारणी करू नये.

फुलोऱ्यात खरी भीती करड्या बुरशीची. एखाद्या जाड फुलातले एकच छोटे पान अचानक सुकले आणि ओढताच सहज हातात आले, तर फूल उकलून आत पाहावे. आतला भाग तपकिरी, भुसभुशीत झालेला असतो. बाधित भागाच्या बरेच खालून कापावे, कापलेले लगेच पिशवीत बंद करावे, आणि ‘तेवढे काढून उरलेले वापरू’ हा मोह त्या फुलापुरता तरी आवरावा. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्यासाठी बुरशीचा माल खरोखर धोक्याचा असतो. फुलोऱ्याच्या अखेरीस आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास ठेवली तर हा प्रसंग सहसा येत नाही. याच काळात खालची पाने पिवळी होऊन गळतात, पण ते रोपाचे वय झाल्याचे लक्षण असते. त्यावर औषध शोधू नये.

एक आजार असा आहे की ज्यात वरीलपैकी काहीच लागू पडत नाही. रोप खुजे राहते, फांद्या ठिसूळ होऊन सहज मोडतात, फुले लहान येतात आणि त्यांवरील चिकट ग्रंथी विरळ असतात, पण सामू, पाणी, कीड सगळे ठीक निघते. हॉप लेटंट नावाच्या व्हायरॉइडचा (विषाणूहूनही लहान रोगकारकाचा) संशय तेव्हा घ्यावा. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातील गांजाच्या रोपांत तो आढळल्याचे प्रसिद्ध झाले. तो छाट कलमांतून आणि कात्रीवरच्या रसातून पसरतो, खात्रीचे निदान केवळ प्रयोगशाळेतील चाचणीने होते, आणि बाधित रोपाला बरे करणारे कोणतेही औषध घरी मिळत नाही. मित्राने प्रेमाने दिलेले कलम म्हणूनच पहिले काही आठवडे इतर रोपांपासून वेगळे ठेवावे, कात्री प्रत्येक रोपानंतर घरगुती ब्लीचच्या सौम्य द्रावणात बुडवावी, आणि चाचणीत दोष निघाला तर रोप मुळांसकट काढून, माती आणि कुंडीसह टाकून द्यावे.