मेंदूत रक्तस्राव झाल्यावर बीपी किती उतरवायचं?

मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाचं वरचं बीपी २०० च्या पुढे असणं नेहमीचंच. पण ते उतरवताना डॉक्टरांचा हात बरीच वर्षं आखडत असे. साकळलेल्या रक्ताच्या गाठीभोवतीचा भाग आधीच दबलेला, त्यात बीपी पाडलं तर तिथलं रक्त आणखी आटेल, ही भीती.

आयसीएच अडॅप्ट या २०१३ च्या चाचणीत ती तपासली गेली. ७५ रुग्णांच्या दोन गटांत लक्ष्य होतं १५० च्या खाली आणि १८० च्या खाली. दोन तासांनी परफ्यूजन सीटी (रक्तप्रवाह दाखवणारा स्कॅन) केला, तर गाठीभोवतीच्या रक्तप्रवाहात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तिथे प्रवाह कमी असतो हे खरं, पण त्याचा दोष बीपीच्या औषधावर येत नाही.

म्हणून रक्तस्राव सौम्य ते मध्यम आणि वरचं बीपी १५० ते २२० असेल, तर लक्ष्य १४०, आणि ते १३० ते १५० मध्ये टिकवायचं. लक्षणं दिसल्यापासून दोन तासांत औषध सुरू, पुढच्या तासाभरात लक्ष्य गाठलेलं. गाठ मुख्यतः सुरुवातीच्या तासांतच वाढते, म्हणून ही घाई.

मात्र १३० च्या खाली जाऊ नये. २०१६ च्या अटॅच-२ चाचणीत ११० ते १३९ चं लक्ष्य ठेवलेल्यांना जास्त फायदा झाला नाही; उलट मूत्रपिंडाच्या तक्रारी वाढल्या.

गाठ मोठी असेल तर कवटीतला दाब वाढतो आणि हिशेब बदलतो. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी बीपी वजा कवटीतला दाब. ही सरासरी म्हणजे खालचा आकडा अधिक दोन्हींतल्या फरकाचा एक तृतीयांश; १४०/८० ची सरासरी १००. कवटीत २० असेल तर उरतात ८०, म्हणजे पुरेसे. तेच बीपी १२०/६० वर आणलं आणि कवटीत ३५ असेल, तर ८० मधून ३५ गेले, उरले ४५. साधारण ५० ते ७० हवे असतात. जुना बीपीचा रुग्ण असेल तर धोका आणखी, कारण त्याच्या रक्तवाहिन्यांना चढ्या दाबाची सवय झालेली असते.

निकार्डिपिन या बीपी उतरवणाऱ्या औषधाची शिरेतली धार तासाला ५ मिग्रॅने सुरू करतात, दर ५ ते १५ मिनिटांनी २.५ ने वाढवतात, कमाल १५. खरी गडबड होते ती चढउतारांत: एकदम मोठा डोस, बीपी कोसळतं, धार बंद, पुन्हा १९०. लक्ष्य जवळ आलं की धार तोडायची नाही, कमी करायची.

आणि आकडा खरा आहे ना, हेही बघावं. दंडाला बांधायचा पट्टा (कफ) लहान असेल तर बीपी खोटं जास्त दिसतं. डोकं ३० अंश उचललेलं असताना ट्रान्सड्यूसर (धमनीतल्या नळीतून दाब मोजणारं यंत्र) छातीच्या पातळीवर राहिला, तर मेंदूपाशी दाब त्याहून साधारण १० ने कमी असतो. मेंदूचा हिशेब करायचा तर ट्रान्सड्यूसर कानाच्या पातळीवर हवा. तुंबलेलं मूत्राशय आणि वेदनाही बीपी चढवतात. डोस वाढवण्याआधी पोटावर हात ठेवून बघायला अर्धं मिनिटही लागत नाही.