तुम्ही विचारलंत म्हणून : चंबावांबा विकले गेले का?

पंक या बंडखोर रॉक संगीतावर मी अधूनमधून बोलतो, लिहितो. नंतर हमखास कुणीतरी गाठतं. "तुम्ही चंबावांबाचे एवढे गोडवे गाता, पण ते तर ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीला विकले गेले ना?" विचारणारा पंचविशीतला असेल तर सूर तिरकस असतो, माझ्या वयाचा असेल तर हळहळीचा. आणि शेजारी बसलेला, ज्याला पंकशी काही देणंघेणं नसतं, तो मध्येच म्हणतो, "म्हणजे ते पडतो-उठतोवालं दारूचं गाणं? ते अराजकवाद्यांचं होतं?"

मला या शेजाऱ्याचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पण आधी पहिल्याचं बघू.

चंबावांबा हा इंग्लंडमधला अराजकवादी पंक बँड सुरू झाला १९८२ साली. बर्नली या गिरण्यांच्या गावातली काही पोरं लीड्सला आली आणि आर्मली भागातल्या एका ओस पडलेल्या जुन्या घराचा ताबा घेऊन राहू लागली. स्वयंपाक एकत्र, पैसा एकत्र, गाणी एकत्र लिहायची आणि श्रेयही सगळ्यांचं. पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाई सत्तेवर, गिरण्या मोडीत निघालेल्या, खाणी बंद पडण्याच्या बेतात. खाणकामगारांचा संप झाला तेव्हा ही मंडळी संपकऱ्यांसाठी गात होती. टवाळीही अंगात भरपूर. साउंड्स या साप्ताहिकातला एक पत्रकार डोकी भादरलेल्या पोरांच्या रांगड्या संगीताचा मोठा पुरस्कर्ता होता. यांनी 'स्किन डिसीज' या खोट्या नावाने त्याला पत्ता लागू न देता स्टुडिओ गाठला आणि 'मी ढ आहे' एवढंच चौसष्ट वेळा ओरडून आले. ते रेकॉर्डवर निघालंसुद्धा.

१९८५ च्या जुलैत इथिओपियाच्या दुष्काळासाठी लाइव्ह एड हा बड्या गायकांचा जंगी मदत-कार्यक्रम झाला. सगळं जग डोळे पुसत असताना पुढच्याच वर्षी यांनी स्वतःच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीच्या नावावर (लेबलवर) पहिला अल्बम काढला. नाव 'उपाशी मुलांची चित्रं रेकॉर्ड खपवतात' अशा अर्थाचं. म्हणणं असं, की दुष्काळाला जबाबदार असलेल्या व्यवस्थेला हात न लावता ताऱ्यांनी आपल्याच तेजाला उजाळा देऊन घेतला. १९८९ मध्ये ईएमआयच्या विरोधात एक संकलन निघालं, त्यातही हे होते. संकलनाच्या नावातच ईएमआयला सणसणीत शिवी होती. कारण तेव्हा ही कंपनी थॉर्न ईएमआय होती, आणि तिचा एक हात रेकॉर्ड छापायचा तर दुसरा लष्करी सामग्री बनवायचा.

आणि १९९७ मध्ये याच मंडळींनी ईएमआयशी करार केला. लोक खवळणारच. पुढच्या वर्षी काही पंक बँडांनी मिळून चंबावांबाविरोधी रेकॉर्ड काढली आणि तिचं नाव यांच्याच पहिल्या अल्बमच्या नावाची नक्कल करून ठेवलं : 'निर्लज्ज ढोंग रेकॉर्ड खपवतं'. हा टोमणा अस्सल आहे हे मान्यच करायला हवं.

बँडचं उत्तर होतं की थॉर्न आणि ईएमआय आता वेगळे झाले आहेत (१९९६ मध्ये ते झालेही होते), आणि छोटी स्वतंत्र लेबलंही शेवटी भांडवलावरच चालतात, वर वागतातही तशीच. पहिला मुद्दा मला वकिली वाटतो. दुसऱ्यात तथ्य आहे. आपल्याकडे पुरस्कार कुणाच्या हातून घ्यावा, कुणाच्या व्यासपीठावर जावं, यावर पुरोगामी मंडळी वर्षानुवर्षं भांडतात, आणि भांडण नेहमी स्वीकारण्याच्या क्षणापाशीच अडतं. घेतल्यावर त्या माणसाने काय केलं हे बघायला कुणी थांबत नाही. मला तेच बघायचं असतं.

१९९७ च्या ऑगस्टमध्ये 'टबथंपिंग', म्हणजे तेच पडतो-उठतोवालं गाणं, आलं. इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर, अमेरिकेत सहाव्या. पंधरा वर्षं गॅरेजात आणि संपाच्या मंडपांत गाणाऱ्यांचं गाणं फुटबॉलच्या मैदानांवर वाजू लागलं. आपल्याकडे केबलवर ते इतकं लागायचं की इंग्रजी न कळणारी पोरंही ते पडण्या-उठण्याचे शब्द बरोबर ओरडायची.

आता १९९८ ची फेब्रुवारी. लंडनमध्ये ब्रिट या संगीत पुरस्कारांचा सोहळा. लिव्हरपूलमध्ये १९९५ च्या सप्टेंबरात सुमारे पाचशे गोदी कामगारांना कामावरून काढलं होतं. काढून टाकलेल्या दुसऱ्या कामगारांचा पहारा ओलांडून आत जायला त्यांनी नकार दिला, एवढाच त्यांचा गुन्हा. अडीच वर्षं ते लढले. मजूर पक्ष सत्तेवर आला तरी त्यांच्या पदरात काही पडलं नाही, आणि सोहळ्याच्या आधी थोडेच दिवस लढा संपला होता. बँडने मंचावर गाण्याचे शब्द बदलले : नव्या मजूर पक्षाने गोदी कामगारांना विकलं, तसंच उरलेल्यांनाही विकणार. मग डॅनबर्ट नोबेकन हा त्यांचा गडी खाली उतरला, उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट बसले होते त्या टेबलापाशी गेला आणि थंड पाण्याचं भांडं त्यांच्या अंगावर ओतलं.

खरं सांगायचं तर या पाण्याबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. प्रेस्कॉट स्वतः तरुणपणी जहाजावर वाढपी होते आणि खलाशांच्या संपात पुढे होते. त्या पक्षात ज्याला गोदीतल्या माणसाची भाषा कळत होती, नेमकं त्याच्यावर पाणी पडलं. कदाचित म्हणूनच ते पडलं असेल. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी पाण्याची बातमी केली आणि गोदी कामगार तिच्या तळाशी गेले.

त्याच वर्षी अमेरिकेत टीव्हीवरच्या एका चर्चेत बँडची अ‍ॅलिस नटर म्हणाली, ज्यांना आमचा अल्बम परवडत नाही त्यांनी तो मोठ्या दुकानांतून चोरावा. व्हर्जिनच्या रेकॉर्ड-दुकानांनी अल्बम उचलून गल्ल्यामागे ठेवला. ईएमआयचे विक्रीवाले त्या दिवशी काय म्हणाले असतील याची कल्पना करून मला आजही हसू येतं. विश्वचषकाच्या जाहिरातीसाठी नायकेने पंधरा लाख डॉलर देऊ केले. बँडच्या म्हणण्यानुसार नाही म्हणायला त्यांना अर्धा मिनिट लागला. पुढे २००२ मध्ये जनरल मोटर्सने एका मोटारीच्या जाहिरातीसाठी त्यांचं दुसरं एक गाणं घेतलं. ते पैसे मात्र त्यांनी घेतले आणि इंडीमीडिया व कॉर्पवॉच या दोन संस्थांना देऊन टाकले. तिथे ते खर्ची पडले जनरल मोटर्सच्याच कारभाराविरुद्धच्या मोहिमेवर.

म्हणून पहिल्या माणसाला माझं उत्तर : माणसं विकली गेली नाहीत. विकल्या गेलेल्या माणसाला आपण कुणाचं देणं लागतो हे इतकं नीट आठवत नाही.

पण तो शेजारी राहतोच. त्याला ते दारूचं गाणं का वाटतं? कारण त्याच्यापर्यंत दारूच पोचली. अल्बमवर गाणं सुरू होण्याआधी एक माणूस बोलतो. 'ब्रास्ड ऑफ' या चित्रपटातला तो तुकडा आहे. खाण बंद पडलेल्या गावातल्या वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणतो की संगीत महत्त्वाचं असं मला वाटायचं, पण माणसांपुढे ते काहीच नाही. त्या बोलण्यानंतर 'पडतो, पण परत उठतो' ऐकलं की ते कुणाबद्दल आहे हे सांगावं लागत नाही. ज्युड अ‍ॅबटचा कर्णा आणि मधूनच लू वॉट्सचा तो थकलेला, हळू आवाज, यांनाही मग वेगळी जागा मिळते. रेडिओवर, केबलवर हे बोलणं कापलेलं असायचं. अल्बमच्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्याखाली संदर्भ आणि उताऱ्यांची शिदोरी होती. अमेरिकेतल्या आवृत्तीत कंपनीने हक्कांच्या कायदेशीर भीतीपोटी तीही काढून टाकली. चळवळीच्या पोरांनी पंधरा वर्षं गाण्यासोबत कागद वाटले होते, आणि जेव्हा सगळ्यात जास्त माणसं ऐकणार होती तेव्हाच नेमका कागद गळाला. कराराची खरी किंमत मला ही वाटते. चंबावांबाचं कौतुक करताना हे मी सांगितलं नाही, तर माझं कौतुक खोटं ठरेल.

नंतर ते ईएमआयपासून सुटले, विजेवरच्या गिटारी बाजूला ठेवून चार-पाच जणांत जुनी बंडाची इंग्रजी लोकगीतं गाऊ लागले. मला ही त्यांची शेवटची वर्षं सगळ्यात आवडतात, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही. २०१२ मध्ये बँड थांबला. थॅचरबाई गेल्यावर पाठवायची रेकॉर्ड ते २००५ पासून आगाऊ पैसे घेऊन विकत होते. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांना ती पोचली. मेलेल्या माणसाबद्दल असं वागणं आपल्याला खटकतं, मलाही खटकलं. पण आर्मलीतल्या त्या घरातल्यांनी तीस वर्षांपूर्वीचा हिशेब विसरावा अशी अपेक्षा ठेवणारा मी कोण?

गाणं मात्र आपलं चालूच आहे. २०११ मध्ये इंग्लंडातल्या यूकिप या उजव्या पक्षाने ते आपल्या अधिवेशनात वाजवलं. २०२४ मध्ये न्यूझीलंडचे उपपंतप्रधान विन्स्टन पीटर्स यांनी माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या सहशासनाची तुलना नाझी जर्मनीशी केली, त्या सभेतही तेच वाजलं. दोन्ही वेळा बँडने हरकत घेतली. पीटर्स यांच्या वेळी तर बँड मोडून बारा वर्षं झाली होती, आणि थांबवायची नोटीस पाठवा म्हणून त्यांना रेकॉर्ड कंपनीलाच सांगावं लागलं.