कस्टम्समध्ये अडकलेला केसांचा ब्रोच : माझा अनुभव

इंग्लंडमधल्या एका लिलावातून मी व्हिक्टोरियन काळातला शोक-ब्रोच घेतला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीत त्याचे केस जपलेला दागिना. बोली, पैसे, पॅकिंग सगळं सुरळीत झालं. पार्सल भारतात पोहोचलं आणि कस्टम्सचा मेल आला : ‘साहित्य – सोनं, काच, मानवी केस. खुलासा करावा.’

खुलासा केला. मग प्रश्न आले. हा कच्चा माल आहे का? विग आहे का? विकायला मागवलाय का? फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून पाढा. अहो, काचेखाली बोटाच्या पेराएवढी तपकिरी वेणी आहे, भोवती काळा मिना, मागच्या बाजूला, गेलेल्या माणसाच्या नावाची आद्याक्षरं. फोटो पाठवले, तरी ‘केस’ या एका शब्दापाशी गाडी अडलेली. पार्सल परत पाठवू म्हणाले तेव्हा मला रडूच फुटलं.

शेवटी एका भल्या बाईंनी सुचवलं, ‘मॅडम, ही वस्तू काय आहे ते लेखी द्या ना.’ मग मी अख्खा इतिहासच लिहून काढला. डिसेंबर १८६१मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट गेले, राणीने त्यांचे केस लॉकेटमध्ये जपले आणि आधीपासूनच असलेली ही रीत आणखी फोफावली. केस स्वच्छ धुऊन, मधे भोक असलेल्या गोल टेबलावर, बटांना शिशाची वजनं बांधून विणत. मग उकळून वाळवत, म्हणजे वीण पक्की बसे. कारागीर आपल्या माणसाचे केस बदलून भलतेच घालतील अशी लोकांना धास्ती असे, म्हणून कित्येक बायका हे काम घरीच शिकल्या. स्वीडनमधल्या वोमहूस गावच्या बायका तर हीच कला घेऊन परदेशी फिरत आणि पोट भरत.

पत्र गेलं आणि पार्सल सुटलं! मला माझ्या त्या पत्राचा अजून अभिमान आहे.

तुम्ही घेणार असाल तर विक्रेत्याकडून बिलावर ‘जुना ब्रोच, काचेखाली विणलेले केस, वैयक्तिक वापरासाठी’ असं स्पष्ट लिहून घ्या. केस लपवू मात्र नका. घेण्याआधी मागच्या बाजूला काय लिहिलंय ते नक्की बघा, कारण असे सगळेच दागिने शोकाचे नसतात, प्रेमिक आणि मैत्रिणीही एकमेकांना केस देत. पांढरा मिना दिसला तर बहुधा तो लहान मुलाच्या किंवा अविवाहित व्यक्तीच्या आठवणीतला. आणि सोनाराकडे पॉलिशला दिलात तर पाण्यात बुडवू देऊ नका, काचेच्या आत ओल गेली की केस खराब होतात.