अंगठा कुठे आहे?

ऑगस्टमधला शनिवार होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत गोदावरी चढलेली, आणि आमच्या हॉस्पिटलमधला निम्मा स्टाफ ड्युटी संपवून पूर बघायला निघालेला. नाशिककराला पुराचं पाणी मीटरमध्ये सांगितलेलं कळत नाही, मारुतीच्या अंगावर सांगावं लागतं. मीही निघायच्या बेतात होतो. सहा वाजून दहा मिनिटांनी व्हिडिओ कॉल वाजला.

कॉल कळवणच्या पश्चिमेकडच्या एका आरोग्य केंद्रातून होता. तिथली डॉक्टर मुलगी इंटर्नशिपला असताना माझ्या हाताखाली टाके घालायला शिकली होती.

"सर, कडबाकुट्टी. उजवा अंगठा गेलाय. ड्रेसिंग करून पाठवू का?"

मी प्लास्टिक सर्जन आहे. लोकांना वाटतं, म्हणजे नाकंबिकं सरळ करत असेन. प्रत्यक्षात माझी सोळा वर्षं हातांवरच गेली आहेत. सातपूर-अंबडच्या प्रेस मशीनखाली आलेले हात, आणि खेड्यांतून येणारे कडबाकुट्टीचे हात. गायीगुरांच्या पट्ट्यात हिरवा मका कापताना पेंढीबरोबर हात आत ओढला जातो, ही आमच्याकडची नेहमीची कथा.

"आधी कॅमेरा हातावर धर," मी म्हटलं.

पडद्यावर पिवळ्या बल्बच्या उजेडात एक हात दिसला. जखमेवर हळदीचा लेप, आणि मनगटावर म्हशीला बांधतात तसल्या सुती दोरीचे तीन वेढे. दोरीच्या खालचा हात जांभळा पडू लागला होता. पंचनामा नंतर करता येतो, आधी दोरी.

"ती दोरी सोड."

"सर, रक्त…"

"येऊ दे. गॉजचा जाड बोळा जखमेवर दाबून धर, हात छातीच्या वर, वरून क्रेप बँडेज. चिमटा लावायचा नाही, टाका घालायचा नाही. त्या रक्तवाहिन्या मला लागणार आहेत."

दोरी सुटली. रक्त आलं, तिनं दाबलं, पाच मिनिटांत थांबलं. तिचा हात थरथरत होता हे दिसत होतं, कारण फोन शिपायाच्या हातात आणि शिपायाचा हात त्याहून जास्त थरथरत होता. मग मी तो प्रश्न विचारला जो खरं तर पहिल्या मिनिटाला विचारायला हवा होता.

"अंगठा कुठे आहे?"

कुणी काही बोललं नाही. पडद्याबाहेरून एक पुरुषी आवाज आला, "तो तिथंच राहिला ना. कुट्टीत."

बाईंचा मुलगा. आईला मोटरसायकलवर मध्ये बसवून, मागून चुलत्यानं धरून, तो नऊ किलोमीटर आला होता. तुटलेला तुकडाही बरोबर न्यायचा असतो हे त्याला कोण सांगणार? तुटला म्हणजे गेला. बाकीची चार बोटं तुटली तर पुन्हा जोडायची की नाही, यावर आम्ही डॉक्टर वाद घालतो. अंगठ्याबद्दल घालत नाही. हाताचं जवळजवळ चाळीस टक्के काम एकटा अंगठा करतो, असं आमच्या शास्त्रात धरतात. शक्य असेल तर तो जोडायचाच.

मुलगा मोटरसायकलवर परत गेला. चुलत्याचा फोन कॉलला जोडून घेतला होता. चुलता मागे बसून तो धरून होता. पुढची पंचवीस मिनिटं मी नाशिकमध्ये खुर्चीवर बसून कळवण तालुक्यातल्या एका गोठ्यातला मक्याचा ढीग उपसत होतो. चित्र मधेच गोठायचं, आवाज आधी आणि हालचाल मागून. "इथं नाही… इथं नाही…" मी सांगत होतो, यंत्राच्या तोंडापासून सुरू करा, पायाखाली बघा, आणि आधी गाय बाजूला बांधा. शेवटचं वाक्य मी का म्हटलं ते चुलत्याला बरोबर कळलं, कारण त्यानं एक शिवी हासडून गाय ओढली.

सापडला. हिरव्या चुऱ्याखाली, नखासकट, तिरका पण बऱ्यापैकी साफ कापलेला.

शेजारची एक बाई स्टीलच्या वाटीत बर्फ घेऊन उभीच होती. तिनं तो थेट बर्फात ठेवायला हात पुढे केला आणि मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की आमची रिसेप्शनिस्ट धावत आली. तुटलेला भाग बर्फाला थेट चिकटला की गोठतो, आणि गोठलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. असा गार ठेवलेला अंगठा चोवीस तासांपर्यंतही जोडण्याजोगा राहू शकतो. उन्हाळ्यात पिशवीत नुसता पडून राहिला तर त्याच्या निम्माही वेळ मिळत नाही.

वाटीतला बर्फ पुरणार नव्हता. किराणा दुकानाच्या फ्रीजरमध्ये पोरांसाठी रंगीत बर्फाच्या नळ्या असतात, पोरं त्यांना पेप्सी म्हणतात. त्या वीस-पंचवीस नळ्या, दुधाची किटली आणि पाणी. बाईंचा अंगठा त्या किटलीतून आधी आरोग्य केंद्रात आणि तिथून १०८च्या रुग्णवाहिकेतून नाशिकला आला. किटलीतलं पाणी तोवर नारिंगी झालं होतं.

निघण्यापूर्वी त्या मुलीनं सलाईन लावलं, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक दिलं, तोंडावाटे काही द्यायचं नाही म्हणून बजावलं. मी बाईंना पडद्यावर यायला सांगितलं. चाळिशीच्या असतील. चेहरा पांढराफटक, पण नजर सावध.

"मावशी, अंगठा जोडायचा प्रयत्न करू. लागेलच असं नाही. रात्रभर ऑपरेशन चालेल."

त्यांनी जरा विचार केला. "डाक्टर, रेशनला तोच लागतो हो."

टेलिमेडिसिन, म्हणजे दूरवरून केलेला इलाज, म्हटलं की भाषणांमध्ये हमखास २००१ सालची ती शस्त्रक्रिया येते. सर्जन न्यूयॉर्कमध्ये, रुग्ण फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये, आणि रोबोटच्या हातांनी पित्ताशय काढलं. विलक्षणच होतं ते. पण त्यांच्यासाठी खास फायबरची लाइन राखून ठेवलेली होती. मला कळवणच्या डोंगरात नेटवर्कचे दोन दांडे होते. आणि माझ्या कामात कापण्या-शिवण्याचं दूरवरून करण्याजोगं काही नसतंच. दूरवरून करण्याजोगा असतो तो त्याच्या आधीचा एक तास.

या तासासाठी कुठलीही मोठी यंत्रणा उपयोगी पडली नाही हेही सांगायला हवं. ई-संजीवनीसारखी सरकारी सेवा २०१९पासून आहे, त्यात डॉक्टरनं डॉक्टरला विचारायची सोयही आहे, आणि रोजच्या ओपीडीसाठी ती चांगलीच आहे. पण संध्याकाळी सहानंतर त्या केंद्रातल्या संगणकासमोर बसायला कुणी नव्हतं. आमचं काम व्हॉट्सॲपवर झालं. टेलिमेडिसिनची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२०ला, म्हणजे लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी आली. त्यांत असा कॉल चालतो. पण रुग्ण ज्याच्या समोर आहे, जबाबदारी त्याचीच, असंही त्यांत आहे. म्हणजे मी इकडून हुकूम सोडत होतो आणि दोरी सोडण्याची जोखीम सव्वीस वर्षांच्या त्या मुलीच्या डोक्यावर होती. तिनं सोडली.

नांदुरी, वणी, दिंडोरी करत गाडी म्हसरूळपर्यंत विनातक्रार आली. पंचवटीत अडकली. होळकर पुलावर पूर बघायला माणसांची ही गर्दी, त्यात आमचा स्टाफही असणार. ड्रायव्हरला फोन करून रामवाडी पुलावरून वळवलं. नऊ वीसला गाडी दारात.

ऑपरेशनचं फार सांगत नाही. हाड थोडं आखूड करून दोन तारांनी बसवलं, स्नायूबंध जोडले, मग मायक्रोस्कोपखाली एक मिलिमीटरच्या आसपासची धमनी, स्पर्श कळवणाऱ्या दोन नसा, दोन शिरा. धागा केसाहून बारीक. एक वाजून चाळीस मिनिटांनी रक्त अडवून धरणारा क्लँप सोडला आणि आम्ही सगळे त्या नखाकडे बघत बसलो. पांढरं. पांढरं. भूलतज्ज्ञ म्हणाले, "चहा सांगू का?" तेवढ्यात नख गुलाबी झालं. चहा तरीही सांगितला.

पुढचे तीन दिवस खरी परीक्षा असते. अंगठा पांढरा पडला तर रक्त आत जात नाही, निळसर झाला तर बाहेर पडत नाही. दर तासाला बघावा लागतो, आणि दर तासाला मी तिथे असू शकत नाही. म्हणून नर्स फोटो पाठवतात. ही पद्धत बसवायला आम्हाला वर्षं लागली, कारण फोन रंगांच्या बाबतीत खोटं बोलतो. तो आपल्या मनानंच उजेड दुरुस्त करतो आणि निळा अंगठा गोरागोमटा करून दाखवतो. आमचा नियम आहे: पिवळा दिवा बंद, शेजारी पांढरा गॉज आणि दुसऱ्या हाताचा अंगठा, तिन्ही एका चौकटीत. गॉज पांढरा दिसला तरच बाकीच्या रंगांवर विश्वास.

दुसऱ्या रात्री तीन वाजताचा फोटो आला. गॉज पांढरा, दोन्ही अंगठे सारखे. मी घरी, अर्धवट झोपेत. "छान," असं लिहिलं आणि फोन उशीखाली सरकवला. लगेच वाजला.

"सर, फोटोत बरोबर दिसतंय मला पण. पण तुम्ही या."

"का, काय झालं?"

"सांगता येत नाही. टम्म वाटतोय. दाबला की रंग फार पटकन परत येतोय. आणि मघापेक्षा गार आहे."

या सिस्टर वीस वर्षं वॉर्डात आहेत. खरं सांगतो, मला उठायचा कंटाळा आला होता, आणि फोटो माझ्या बाजूनं होता. तरी गेलो. सुई टोचून पाहिली तर काळपट रक्ताचा थेंब भराभर वर आला. शिरेतून रक्ताचा निचरा तुंबत होता. सुकलेल्या रक्तानं कडक झालेलं ड्रेसिंग आवळत होतं. ते कापलं, दोन टाके सैल केले, हात उंच बांधला. पाचपर्यंत अंगठा मऊ झाला. सकाळपर्यंत थांबलो असतो तर तो काळा पडलेला दिसला असता, अगदी स्पष्ट फोटोत.

बाई अकराव्या दिवशी घरी गेल्या. तारा काढायला सहा आठवड्यांनी एकदा आल्या, बाकी सगळं फोनवर. एका खेपेला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर, मुलाचा दिवस मोडणार, दूध घालायला कुणी नाही. म्हणून आमची फिजिओथेरपिस्ट दर गुरुवारी दुपारी व्हिडिओवर व्यायाम घ्यायची. स्पर्श परत येतोय का हे कॅमेऱ्यातून कळत नाही. त्यावर मुलानंच तोड काढली. आईचे डोळे बांधून तो अंगठ्याखाली एकेक दाणा ठेवायचा. मका लवकर ओळखता आला. बाजरी महिनोन् महिने नाही. वरचा सांधा मात्र ताठ राहिला आहे, आणि थंडीत अंगठा ठणकतो. तो ठणकणारच, हे आधी सांगितलं होतं.

रेशनचं मशीन तो अंगठा घेईना. नसा पुरत्या वाढल्या नाहीत तर त्या जागेला घाम येत नाही, कातडी कोरडी राहते. कदाचित तेच कारण असावं. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मी त्यांना म्हटलं, दुसरं बोट लावा, चालतं. त्या लावतही होत्या, पण दर महिन्याला आधी अंगठा ठेवून बघायच्या.

फेब्रुवारीत भर ओपीडीत व्हिडिओ कॉल आला. मागे पोती, तराजू, माणसांची रांग. मशीन दोनदा नाही म्हणालं. दुकानदार म्हणाला, "काकू, दुसरं बोट लावा, लोक खोळंबलेत." त्या म्हणाल्या, "थांब रे, डाक्टर बघताहेत." आणि चित्र गोठलं.

दहा मिनिटांनी एक फोटो आला. तांदळाची पिशवी, तिच्यावर ठेवलेला अंगठा. दुकानातला उजेड पिवळाधम्मक, शेजारी गॉज नाही. रंग काही कळला नाही.