बाटली दाबून बघता येत नाही

आई वांगी घ्यायला थांबली की भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. त्याला माहीत असायचं, आता दहा मिनिटं जाणार. आई देठ वाकवून बघायची, काटा बोटाला टोचवून घ्यायची, वांगं तळहातावर तोलायची आणि जड लागलं की परत ढिगात टाकायची. जड म्हणजे बियांचं. पावशेर वांग्यांसाठी एवढी चौकशी! या शाळेत वाढलेली मी पहिल्यांदा वाईन घ्यायला गेले, तेव्हा काउंटरवर काय म्हणाले? "जरा बरी दाखवा."

दुकानदाराने बरी दाखवली, म्हणजे महाग दाखवली. मी मुकाट पैसे दिले.

वाईनसमोर आपली मंडईतली हुशारी कुठे जाते कोण जाणे. बाटली दाबून बघता येत नाही, वास घेता येत नाही, लेबलावरची नावं फ्रेंच. मग हाताशी राहते ती एकच खूण, किंमत. आणि किंमत फार लबाड. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी वीस जणांना स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून वाईन पाजली. वाईन एकच, पण एकदा ती १० डॉलरची म्हणून सांगितली आणि एकदा ९० डॉलरची. नव्वदवाली लोकांना जास्त आवडली. नुसतं तोंडदेखलं नव्हे, मेंदूतला सुखाचा भागही खरोखर जास्त जागा झाला. हसू नका. कर्नाटकातून आलेला आंबा 'देवगड हापूस'च्या पेटीत घालून दिला, तर आपण काय वेगळं करतो? साल चोखता चोखता म्हणतोच की, "शेवटी देवगड तो देवगड!"

माझी वाईनशी खरी ओळख झाली ती मामांच्या बागेमुळे. मामा निफाडचे, बाग थॉमसन या खायच्या द्राक्षांची. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, मग जीए नावाच्या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवून मणी फुगवायचे. लांब, हिरवा, बिनबियांचा मणी म्हणजे त्यांची अब्रू. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले आणि २००० साली त्यांच्या 'सुला' कंपनीची पहिली वाईन निघाली, तशी आसपास वाईनच्या द्राक्षांचीही लागवड वाढली. मामा शेजारच्या शिवारात ती बघून आले. "बारका मणी, जाड साल, वर बिया. पाखरंसुद्धा विचार करतील गं," म्हणाले. रेड वाईनचा रंग आणि तो तुरटपणा नेमका त्या जाड सालीतून आणि बियांतूनच येतो, हे त्यांना सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे आपण जे टाकायचं, ते हे लोक विकतात."

आईचे नियम बाटलीला लावून बघायची कल्पना मला त्यानंतर सुचली. पहिला नियम ताज्या मालाचा. "वाईन जुनी तितकी चांगली" हे वाक्य आपण कुठून उचललं माहीत नाही, पण हजाराच्या आतल्या बाटलीला ते अजिबात लागू नाही. वर्षानुवर्षं मुरण्यासाठी केलेल्या वाईन थोड्या, आणि त्या तुमच्या-माझ्या खिशाबाहेरच्या. शेनँ ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाईन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायच्या. लेबलावरचं साल म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल. त्यातही एक गंमत आहे. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्च, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला. एकाच सालाच्या दोन बाटल्यांत नाशिकची सहा-सात महिन्यांनी थोरली असते. म्हणून मी साल बघते आणि दुकानदाराला सरळ विचारते, "याच्यापुढचं नाही का?" तो चमकतो. त्याच्याकडे लोक जुनं मागायला येतात.

दुसरं म्हणजे माल ठेवलाय कसा. आपल्याकडच्या 'वाईन शॉप'मध्ये वाईन हा पाहुणा असतो. व्हिस्की-बिअरच्या गर्दीतून उरलेल्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या शेजारी, वर्षभर उभा. उन्हाळ्यात त्या फळीवर काय शिजत असेल ते बाटलीलाच ठाऊक. उन्हातली पालेभाजी आई कधी घ्यायची नाही. मीही दर्शनी काचेतली बाटली घेत नाही, आतल्या थंड कपाटातली मागते. आणि फिरकीचं झाकण दिसलं तर नाक मुरडत नाही. बुचाच्या दोषाने वाईनला कधीकधी ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. फिरकीला ती भीती नाही, आणि बूच-काढणं शोधत घरभर हिंडावंही लागत नाही.

परदेशी बाटलीचा मोह मलाही होतो. पण तिच्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क बसत आलंय, वर राज्याचे कर. तिकडे रोजच्या जेवणाबरोबर पितात ती साधी वाईन इथे सणासुदीच्या भावाने घ्यायची, म्हणजे पैसे द्राक्षाला नव्हे, प्रवासाला आणि सरकारला. त्याच पैशांत नाशिकची किंवा अकलूजची अगदी छान बाटली येते.

पिण्याचे नियम मात्र मी बरेचसे मोडलेत. रेड वाईन म्हणे खोलीच्या तापमानाला प्यावी. कुणाच्या खोलीच्या? हा नियम जिथे जन्मला तिथल्या दगडी घरांत खोली म्हणजे १६-१८ अंश. पुण्यातली माझी खोली एप्रिलात ३४. त्या तापमानाची शिराझ म्हणजे कोमट काढा. आता आधी फ्रीजमध्ये, मग ग्लासात. त्याच बाटलीचं रूप पालटतं, तेही फुकटात. पांढरी उलट फ्रीजमधून दहा मिनिटं आधी काढायची, कारण गारठलेल्या वाईनला चवच लागत नाही. (बाटली फसलीच असेल तर गारठवून प्या. हा त्यावरचा उतारा.)

जोड्या जुळवण्यात मी फार पडत नाही. पापलेटच्या तुकडीबरोबर सोव्हिन्यों, लिंबू पिळल्यासारखी. कोथिंबीरवडीबरोबर किंचित गोडसर शेनँ. झणझणीत मिसळ आणि शिराझ हा प्रयोग एकदाच केला. दारूने तिखट आणखी भडकतं, आणि तुरटपणा त्यावर मीठ चोळतो. मिसळीबरोबर ताकच.

गेल्या दिवाळीत मामा-मामी आले होते. जेवताना मी बाटली काढली. मामींनी वाटीभर घेतली, खरोखरच वाटीत, आणि म्हणाल्या, "आवळ्याच्या सरबतासारखी आहे की." दुसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा मामांनी नुसत्या भुवया उंचावल्या. मग बाटली हातात घेऊन, चष्मा वर सारून त्यांनी लेबल अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"किती द्राक्षं लागतात गं एका बाटलीला?"

"किलोच्या थोडी वर."

त्यांनी मनातल्या मनात भाव लावला. तिकडचा दर, बाटलीची किंमत, वजाबाकी.

"मग बाकीचे पैसे कशाचे?"

"राबण्याचे, कराचे, बाटलीचे..."

"बाटलीचे होय!" मामींनी हात पुढे केला. "मग ही धुऊन दे बरं. घाण्याचं तेल ठेवायला अशीच हिरवी बाटली हवी होती मला."

निघताना त्यांच्या पिशवीत ती होती. झाकणासकट. फिरकीचं आहे, सांडायची भीती नाही, असं मामींनी मलाच समजावून सांगितलं.